पळसपापडी

पळसाच्या शेंगेत बी एकच असतं. चपटी, वाळकी शेंग, आणि अगदी टोकाला ते तांबूस बी. औषधवाले त्याला पळसपापडी म्हणतात. लग्न होऊन मी दिग्रसला आले ती छप्पन साली, विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, आणि सासरी माझ्या हाती जे पहिलं काम आलं ते या शेंगा सोलण्याचं.

माझे सासरे वैद्य होते. गावातले लोक त्यांना महाराज म्हणत, मी मामंजी म्हणे. घरात सासूबाई, मामंजी, हे आणि मी. हे नगरपालिकेत कारकून. यांना औषधांची आवड नव्हती, वासही सहन होत नसे, त्यामुळे मागच्या पडवीतला खल, उखळ आणि चाळण्या सुनेकडे येणार हे जणू ठरलेलंच होतं. माहेरी नेरला माझे वडील पोस्टात. आमच्याकडे औषध म्हणजे दवाखान्यातली लाल बाटली. इथे येऊन मी हिरडे फोडायला शिकले, गुळवेल ठेचायला शिकले. पळसपापडी कुटताना मात्र हात चुरचुरायचे, बोटांच्या बेचक्यांत लाल व्हायचं. मामंजी ती जंतांवर देत. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी ती गुळातून खाल्लेली होती.

ही पापडी आणून द्यायची ती जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी. तिच्या आज्याच्या वेळी ते लोक बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. आता तांड्याला शेतं होती, पण रानाची ओळख गेली नव्हती. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती मध, डिंक, मुळ्या घेऊन परसदारी यायची आणि पायरीवर बसून पाणी मागायची.

माझा पहिला मुलगा जेमतेम भिंत धरून चालायला लागला होता आणि मला पुन्हा दिवस गेले होते. याडीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सूनबाई, इतक्या लवकर काहून?"

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "आमच्यातल्या बाया बाळंतपणानंतर हेच बी खातेत. मंग पोर लवकर राहत नाही."

मामंजी आत चाळणीशी होते. ते बाहेर आले. असल्या बोलण्यात पुरुष माणूस पडत नसे, पण ते उभे राहिले.

"सगळ्यांना लागू पडतं का?"

"कोणाले पडते, कोणाले नाही पडत. ते देवाचं काम हाय, महाराज."

मामंजींनी त्यातलं अर्धंच ऐकलं असं मला पुढे वाटत राहिलं. त्या दिवसापासून ते पोथ्या काढून बसले. जुन्या ग्रंथांत पळसाच्या बियांचा त्या कामासाठी उल्लेख त्यांना सापडला, आणि त्यांचा चेहराच बदलला. ओसरीवर वर्तमानपत्र वाचणारे लोक तेव्हा नुकतंच बोलू लागले होते, सरकार म्हणतंय मुलं कमी होऊ द्या. मामंजी म्हणत, सरकार म्हणेल हो, पण बाईला द्यायला सरकारकडे आहे काय? इथे झाडाला लागलेलं आहे आणि कोणी बघत नाही.

त्यांना कीर्ती हवी होती असं मी म्हणणार नाही. सासूबाई जवळजवळ चाळिशीपर्यंत बाळंत होत होत्या. त्या मुलांतली जगली दोनच, आमचे हे आणि नागपूरला दिलेली एक नणंद. बाकीच्यांची नावं सासूबाई श्रावणात कधीतरी उगाच घेत. एकदा भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या, "माझ्या वेळी यांना हे सुचलं असतं तर?" आणि परातीतलं पीठ पुन्हा मळू लागल्या.

माझं दुसरं बाळंतपण वाईट गेलं. मुलगी झाली, पण मला ताप भरला आणि पुष्कळ दिवस उतरला नाही. केस गळाले. उठून चूल गाठेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी येई. मामंजींनी मला सरळ काही बोलणं शक्यच नव्हतं. सासरा सुनेशी ते बोलत नाही. वाटीतली पूड घेऊन सासूबाई आल्या.

"हे म्हणतात, घेऊन बघ. आणि मीही म्हणते."

मी रात्री यांना विचारलं. हे म्हणाले, "बाबा म्हणतात तर घे." एवढंच.

मी ती पूड आनंदाने घेतली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला कोणी विचारलं की तुझ्यावर जबरदस्ती झाली का, तर नाही. पोटात आग पडायची, तोंडाची चव जायची, पण महिना वेळेवर आला की मी देवघरापुढे मनापासून हात जोडायची. असे महिने गेले, वर्ष गेलं, दुसरं गेलं. माझ्या अंगावर पुन्हा मांस आलं. मुलगा शाळेच्या वयाचा होत आला, मुलगी बोबडं बोलू लागली. घरात कोणी उच्चार करत नसे, पण माझ्याकडे बघितलं की मामंजींच्या तोंडावर समाधान दिसे. त्यांच्या औषधाचा पुरावा त्यांच्याच घरात हिंडत-फिरत होता.

मग बायका येऊ लागल्या. परसदाराने, पदर पुढे ओढून. त्या मामंजींशी बोलत नसत. सासूबाईंशी बोलत, सासूबाई आत सांगत, आणि पूड मी बांधून देई. मास्तरांची बायको, सोनाराची सून, भाजी विकणारी एक. ज्यांना दिवस गेले नाहीत त्यांची नावं मामंजींच्या ओठांवर असत. ज्यांना गेले त्यांचं काहीतरी चुकलेलं निघे. आंबट खाल्लं असेल. पाळीपासूनचे दिवस नीट धरले नसतील. कुणाची तरी प्रकृतीच तशी असे.

याडीच्या लेकीला याडीनेच आणलं. लेकीचा नवरा गावातल्या जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाच्या हंगामात तीही तिथेच जायची, आणि यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, ओढणीच्या आरशांत पांढरे तंतू अडकलेले असत. मुलांचं लेंढार होतं. शेवटच्या बाळंतपणात वार पडली नव्हती, रक्त थांबलं नव्हतं, आणि शुद्धीवर आल्यावर सरकारी दवाखान्यातून घरी आलेल्या नर्सबाईने तिला बजावलं होतं की आता पुन्हा हे होता कामा नये. कसं होऊ द्यायचं नाही ते मात्र नवऱ्याला कोण सांगणार? तो ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हता. तिचं नाही आणि स्वतःचं तर नाहीच.

"तुझ्याच रानातलं बी आहे," मामंजी याडीला म्हणाले, "आणि तू माझ्याकडे येतेस?"

"आमी तं असंच चावून खातो, महाराज. तुमी शुद्ध करून देता. तुमच्या हाताले गुण हाय."

लेक माझ्याच वयाची होती. पूड न्यायला आली की लगेच निघत नसे. मुसळ माझ्या हातातून काढून घेई आणि स्वतः कुटू लागे. तिचे दंड मोठे, बांगड्यांनी भरलेले. तिच्या चार घावांत माझं अर्ध्या सकाळचं काम व्हायचं. सासूबाईंनी कधी हरकत घेतली नाही. उखळ नंतर धुऊन घ्या म्हणत, एवढंच.

"तुह्या पोटात आग पडते का वो?" तिने एकदा हळूच विचारलं.

"पडते."

"मह्याबी पडते. मले वाटे, मलेच पडते." तिला हसू आलं. "माय म्हणते, आग पडते म्हंजे औषध काम करून राह्यलं."

"तुझ्या आईला कसं कळलं?"

"तिले तिच्या मायनं सांगतलं." मग ती मुसळ थांबवून डोळे मिचकावत म्हणाली, "अन् मह्या मायनं बी खाल्लं होतं वो. तरी आमी किती जण झालो!"

आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. मला तेव्हा तो विनोदच वाटला.

त्या हिवाळ्यात माझ्या मुलाचा घसा सुजला. दोन दिवस मामंजींनी काढे दिले. मग आवाज घोगरा झाला, श्वास शिट्टीसारखा यायला लागला, आणि ते स्वतःच म्हणाले, हा घटसर्प आहे, यवतमाळला न्या. सकाळच्या एस.टी.त आम्ही बसलो. ऊन पडलं होतं, खिडकीबाहेर कापूस वेचणाऱ्या बायका दिसत होत्या. तो माझ्या मांडीवर होता आणि खिडकीकडे बघत होता. यवतमाळ यायच्या आधी त्याचं बघणं थांबलं. हे उठून कंडक्टरला सांगायला गेले आणि काय सांगायचं ते न सुचून पुन्हा येऊन बसले.

त्याबद्दल यापेक्षा जास्त मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

पूड मी त्याच महिन्यापासून बंद केली. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. काही काळाने सासूबाईच म्हणाल्या, आता नको घेऊस, आणि मी म्हटलं, केव्हाच सोडली. आम्ही वाट पाहू लागलो. वर्ष झालं. शेजारणी विचारू लागल्या. मामंजींनी शतावरी दिली, आणखी कसकसली चूर्णं दिली. ती सगळी मी घेतली. पूर्वी महिना आला की हात जोडायची, आता तो आला की न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारायची. दुसरं वर्षही तसंच गेलं.

एक दिवस मामंजी पडवीच्या दारात उभे राहिले आणि, लग्नानंतर पहिल्यांदाच, मला सरळ विचारलं, "सूनबाई, तू ती पूड अजून घेत नाहीस ना?"

"नाही, मामंजी."

ते तसेच माघारी गेले.

याच सुमारास याडी आणि तिची लेक एका दुपारी आल्या. परसदारी न बसता लेक तशीच ओसरीच्या पायरीपर्यंत गेली. मी दाराआड होते.

"महाराज, मले दिवस गेले."

मामंजी म्हणाले, "तू औषध चुकवलं असशील."

"नाही, महाराज."

"आंबट खाल्लं असशील. दिवस धरले नसशील."

"मह्या डोयापुढं घेतलं तिनं," याडी म्हणाली. "एक डाव चुकलं नाही."

लेकीने खालच्या आवाजात म्हटलं, "मंग आता याच्यावर काई द्या."

ते ताडकन उठले. "ते माझ्या हातून होणार नाही. त्याने तर तू आजच जाशील. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जा. तिथे नाव घाल, बाळंतपण तिथेच होऊ दे."

"घरचा मानूस जाऊ देत नाही."

"त्याला माझ्याकडे पाठव."

नवरा आला. मामंजींनी त्याला समजावलं, रागावले, हात जोडायचे तेवढे बाकी राहिले. तो जमिनीकडे बघत हो हो म्हणाला आणि गेला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याची पहिली बायको दवाखान्यात गेली होती आणि परत आली नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दुपारी लेक जाताना मागे माझ्याकडे आली. उखळाच्या काठावर बसली. माझा मुलगा गेला तेव्हा ती येऊन माझ्या शेजारी नुसती बसून गेली होती. त्यानंतर आमचं फारसं बोलणं झालं नव्हतं.

"तुले पायजे तं तुले नाही," ती म्हणाली. "मले नको तं मले हाय. देव घर चुकला वाटते."

मी तिला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

ती शेवटपर्यंत जिनिंगमध्ये जात राहिली. दुखू लागलं तेव्हा तिला आईकडे तांड्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या दारापुढे बैलगाडी थांबली. गाडीत कडब्यावर ती, उशाशी याडी, याडीच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं मूल. नवरा बैलांपुढे. कडबा खालपर्यंत भिजला होता आणि गाडीच्या फळीतून गळत होतं. मामंजी अनवाणी खाली उतरले, आणि त्यांनी तिची नाडी पाहिली.

"इथे थांबू नका. दवाखान्यात, लगेच."

मी लोटी घेऊन गाडीत चढले. सासूबाई मागून काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलं नाही. तिच्या ओठांना पाणी लावलं. ती मला ओळखत होती.

"पोरगं हाय का पोरगी?"

मी फडकं सारून पाहिलं. "पोरगा आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्याले तरी हे नाही."

गाडी चालू लागली तरी मी उतरले नाही. जिनिंगच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि रस्ता अडला होता. नवरा ओरडत होता, लोक बैल बाजूला घेत होते. रांग हलली तेव्हा याडीने तिच्या तोंडावर ओढणी घातली आणि बैल परत फिरवायला सांगितले.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या अंगावर न्हाणीघरात घागरच्या घागर ओतली. त्या रडत होत्या. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि दिवस पुन्हा सुरू झाले.

काही महिन्यांनी कोणीतरी पूड मागायला आलं, आणि पडवीत माझ्यापुढे पळसपापडीचं सूप ठेवलेलं दिसलं. मी ते उचलून ओसरीवर नेलं. सासऱ्यांपुढे सुनेने असं उभं राहायची रीत नव्हती.

"मामंजी, मी हे कुटणार नाही."

"का?"

"लागू पडतं की नाही हे तुम्हाला माहीत झालं की सांगा, मग कुटेन."

मला वाटलं, ते रागावतील. त्यांनी सूप घेतलं, स्वतः पडवीत जाऊन उखळाशी बसले. म्हाताऱ्या हातांचे घाव कधी बियांवर पडत, कधी काठावर. थोड्या वेळाने आवाज थांबला.

यांना घेऊन मी यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या वयाने लहान होत्या. तपासलं, सगळं विचारलं. मी पूड सांगितली तेव्हा मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"त्या बियांत काही असेलही," त्या म्हणाल्या. "पण किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, बंद केल्यावर शरीर पहिल्यासारखं होतं का, हे आधी जनावरांवर आणि मग माणसांवर वर्षानुवर्षं बघावं लागतं. तसं कोणी पाहिल्याचं मला तरी माहीत नाही. तुमचं हे त्या पुडीने झालं की दुसऱ्या बाळंतपणातल्या तापाने, मी नाही सांगू शकत."

मला दोन्हीपैकी एक हवं होतं. पुडीने झालं म्हणाल्या असत्या तर मी रागावले असते, तापाने म्हणाल्या असत्या तर गप्प बसले असते. परतीच्या बसमध्ये यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि ती दिग्रसपर्यंत आमच्या मध्ये तशीच राहिली.

मामंजी वाट बघत होते. सासूबाईंना मध्ये न घालता विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणाली?"

"कोणालाच माहीत नाही म्हणाल्या."

ते म्हणाले, "मला वाटत होतं, मला माहीत आहे." त्यानंतर त्यांनी ती पूड कोणाला दिली नाही. जंतांवरही देईनात.

याडी वर्षभराने आली. मध आणि डिंक आणला होता. कडेवर नातू, शेळीच्या दुधावर वाढवलेला, दंडाला काळा दोरा. तो माझ्याकडे झेपावला आणि मी घेतला. त्याच्या डोक्याला धुराचा वास येत होता. मी त्याला कसं धरलं होतं कोण जाणे, याडीने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. "आन इकडे, सूनबाई." मी दिला.

मामंजी बाहेर आले. तीच म्हणाली, "तुमच्यावर माहा राग नाही, महाराज. मी तुमच्यावर भरोसा ठेवला, तुमी मह्यावर."

ते खाली बसले, पायरीवर, तिच्यापासून हातभर अंतरावर. तसे ते कधी बसत नसत.

मामंजी पुढे दोन पावसाळे राहिले. ते गेल्यावरही बायका येत होत्या. तोवर सरकारी गाड्या गावोगाव फिरू लागल्या होत्या, लूप बसवण्याचे कॅम्प होत होते, आणि त्यांच्याबद्दल बाजारात नाही नाही ते बोललं जात होतं. एका दुपारी दूरच्या खेड्यातून चालत आलेली एक बाई परसदारी उभी राहिली. कडेवर एक, पोटाशी एक.

"महाराजांचं ते औषध पायजे होतं."

मी सांगितलं, महाराज नाहीत, औषध नाही, आणि ते असतं तरी दिलं नसतं. यवतमाळचा दवाखाना सांगितला, डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत म्हटलं, बस कुठे लागते ते सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"दवाखान्यात मले जाऊ देत नाहीत, बाई," ती म्हणाली. "वैद्याच्या घरी जा म्हनतेत."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली, पोरांना पाजलं. माझ्याकडे देण्यासारखं काही आहे का हे तिने आणखी एकदा माझ्या तोंडाकडे बघून पाहिलं. बाजाराचा दिवस होता. बाजारात झाडपाला विकणारे एका कडेला पोत्यावर मुळ्या मांडून बसत, तिकडे ती वळली.